शर्मिष्ठेतील अजब तारा



बडनेऱ्याच्या स्टेशनवर तुम्ही पुष्कळदा गेला असाल. मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या येथे थांबतात. अमरावतीचे प्रवासी येथे उतरून दुसरी गाडी नाही तर ऑटो शोधतात. या गर्दीत इंजिनाकडे नीट पाहणारे थोडेच. माझे दादाजान मात्र आधी इंजिनाकडे पाहत, मग डब्यांकडे. ते रेल्वेत फायरमन होते. कोळशाच्या इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणे हे त्यांचे काम.

ते म्हणत, "इंजिन कशावर चालते हे ओळखायला आत शिरावे लागत नाही. काळा धूर आणि मागे कोळशाचा साठा दिसला की वाफेचे. वर तार नाही आणि धडधड ऐकू येते, तर डिझेलचे. छपरावरचा दांडा वरच्या तारेला टेकला असेल, तर विजेचे." मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावत असे. तिच्या आठवणी सांगताना त्यांचा आवाज बदले.

एकदा त्यांनी मला कोडे घातले. "समज, रात्री अकोल्याकडून एक इंजिन आले. धूर नाही, डिझेलची टाकी नाही, वर तार नाही. तरी ते पन्नास डबे ओढते आहे. काय म्हणशील?" मी लहान होते. मी म्हणाले, "जिन्न!" ते खूप हसले. म्हणाले, "जिन्न नाही, बेटा. आपण न पाहिलेली एक टाकी त्यात कुठेतरी आहे."

शास्त्रज्ञांना आकाशात अगदी असेच एक इंजिन सापडले. त्याची न दिसणारी टाकी शोधायला त्यांना वीस वर्षांहून जास्त काळ लागला. आजच्या पाठात आपण त्याच शोधाची हकिकत वाचणार आहोत.

आधी न्यूट्रॉन तारा म्हणजे काय ते पाहू. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो. बाहेरचा भाग प्रचंड स्फोटाने उडून जातो. मागे उरतो तो दाबून दाबून घट्ट झालेला गोळा. त्याचे वस्तुमान सूर्यापेक्षा थोडे जास्तच असते, पण त्याची त्रिज्या किती? साधारणपणे बडनेरा ते अमरावती एवढी! या ताऱ्याचा साखरेच्या चौकोनी खड्याएवढा तुकडा तोलता आला असता, तर त्याचे वजन कित्येक कोटी टन भरले असते. हा गोळा स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहाच्या दिव्यासारखा त्याचा झोत ठरावीक वेळाने आपल्यावरून जातो. अशा ताऱ्याला पल्सार किंवा स्पंदक म्हणतात. पहिला स्पंदक १९६७ मध्ये जोसेलिन बेल या तरुण विद्यार्थिनीला इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे सापडला.

सर्वांत प्रसिद्ध स्पंदक वृषभ राशीत आहे. इ. स. १०५४ मध्ये तेथे एक तारा फुटला, तेव्हा तो दिवसाही दिसत होता. चीनच्या निरीक्षकांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. बगदादचे हकीम इब्न बुतलान यांच्या लिखाणातही त्याच ताऱ्याचा उल्लेख असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. त्या स्फोटातून उरलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या मारतो. फिरता फिरता तो थोडाथोडा मंद होत आहे. भोवरा मंद होतो तेव्हा त्याची फिरण्याची ऊर्जा कमी होते. उर्दूत आपण जिला तवानाई म्हणतो, तीच ही ऊर्जा. शास्त्रज्ञांनी हिशेब केला. हा तारा दर सेकंदाला फिरण्यातून जेवढी ऊर्जा गमावतो, तेवढ्यात त्याच्याभोवतीचा सगळा चमकता ढग उजळून निघतो. जमा आणि खर्च जुळले. टाकी सापडली, ती म्हणजे ताऱ्याचे फिरणे.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "न्यूट्रॉन तारा फिरतो, म्हणून प्रकाशतो." मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने कुठल्याशा मासिकात वाचले होते की काही न्यूट्रॉन ताऱ्यांना एका फेरीला आठ-नऊ सेकंद लागतात, तरी ते क्ष-किरणांत झगझगतात. तिने विचारले, "आपा, भिंगरी इतकी हळू फिरते, तर एवढा उजेड कुठून येतो?" मी म्हणाले, "उद्या सांगते." तो उद्या यायला पंधरा दिवस लागले. आधी मला स्वतःला शिकावे लागले, आणि मग फळ्यावरचे ते वाक्य सगळ्यांसमोर खोडावे लागले.

त्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका होता. शर्मिष्ठा नावाचा तारकासमूह तुम्हाला ठाऊक असेल. हिवाळ्यात संध्याकाळी उत्तरेकडे पाच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे मांडलेले दिसतात, तीच शर्मिष्ठा. अरबी व उर्दू पुस्तकांत हिला जातुल्कुर्सी म्हणतात. या तारकासमूहात साध्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. त्याचे नाव एखाद्या मालगाडीच्या डब्यावरच्या क्रमांकासारखे आहे : ४यू ०१४२+६१. यातील '४यू' म्हणजे उहुरू या उपग्रहाची चौथी यादी. हा उपग्रह १९७० मध्ये केनिया देशाच्या किनाऱ्यावरून सोडला होता आणि केवळ क्ष-किरणांनी आकाश पाहण्यासाठी बनवलेला तो पहिलाच उपग्रह होता. हा तारा दर ८.७ सेकंदांनी लुकलुकतो, हे १९९४ मध्ये समजले. शर्मिष्ठेतच असा आणखी एक तारा आहे. त्याची फेरी सात सेकंदांची आहे. तो १९८० च्या सुमारास सापडला आणि तेव्हापासूनच शास्त्रज्ञांना कोड्यात टाकत होता.

आता आपण स्वतः हिशेब करू या. ८.७ सेकंदांच्या ताऱ्याची फेरी दर वर्षी सेकंदाच्या सुमारे ६ लक्षांश भागाने लांबते. म्हणजे तिच्यात एका सेकंदाची भर पडायला सुमारे सोळा हजार वर्षे लागतील. यावरून तो फिरण्यातून किती ऊर्जा गमावतो हे काढता येते. दुसरीकडे, तो क्ष-किरणांतून किती ऊर्जा बाहेर टाकतो हे उपग्रहांनी मोजले आहे. ती सूर्याच्या एकूण प्रकाशाच्या वीस-तीस पट आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की डोळे विस्फारतात. फिरण्यातून मिळकत एक रुपया आणि क्ष-किरणांवर खर्च हजार रुपयांच्या घरात! एखाद्या दुकानदाराने अशी वही दाखवली, तर आपण म्हणू, याचा दुसरा कोणतातरी धंदा आहे.

हा दुसरा धंदा कोणता? पहिला संशय शेजाऱ्यावर गेला. पुष्कळ न्यूट्रॉन ताऱ्यांना एक जोडीदार तारा असतो. जोडीदाराचा वायू त्यांच्यावर पडतो, पडताना अतिशय तापतो आणि क्ष-किरण देतो. उंचावरून पडलेला दगड जमिनीवर जोराने आदळतो, तसेच हे आहे. फक्त येथे ओढणारे गुरुत्वाकर्षण अफाट असते. पण जोडीदार असेल, तर त्याची एक खूण सापडली पाहिजे. स्टेशनकडे येणाऱ्या इंजिनाची शिटी बारीक ऐकू येते आणि ते पुढे निघून गेले की तीच शिटी जाड वाटते. जोडीदाराभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा कधी आपल्याकडे येईल, कधी दूर जाईल. त्यामुळे त्याचे ठोके कधी लवकर, कधी उशिरा पोचतील. या ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजले गेले. असा फरक सापडला नाही. जोडीदार नाही!

तेव्हा दुसरा संशय पुढे आला. ताऱ्याच्या स्फोटातला काही कचरा परत येऊन त्याच्याभोवती चकतीसारखा फिरत असेल, आणि तोच हळूहळू ताऱ्यावर पडत असेल. ही कल्पना वाईट नव्हती. अशी चकती तापते, म्हणून ती साध्या प्रकाशातही चमकली पाहिजे. येथे आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा प्रवेश होतो. त्यांचे नाव श्रीनिवास कुलकर्णी. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये त्यांचा जन्म झाला. हुबळीला त्यांचे बालपण गेले, दिल्लीच्या आय. आय. टी. मध्ये ते शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. सेकंदाला तब्बल ६४२ फेऱ्या मारणारा स्पंदक १९८२ मध्ये सापडला. तो शोधणाऱ्यांत ते होते आणि तेव्हा ते विद्यार्थीच होते. २०२४ मध्ये त्यांना खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार मिळाला.

कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी हुलेमन व व्हॅन केरक्वाइक यांनी हवाई बेटावरील केक या प्रचंड दुर्बिणीने शर्मिष्ठेतील त्या जागेचे फोटो घेतले. त्यांचा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जागी एक ठिपका सापडला खरा. पण तो डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही कोट्यवधी पट अंधुक होता. एवढा क्ष-किरण देणारी मोठी चकती असती, तर ती यापेक्षा पुष्कळ तेजस्वी दिसली असती. म्हणजे टाकी चकतीतही नव्हती. पुढे २००६ मध्ये या ताऱ्याभोवती धुळीच्या चकतीची खूण मिळाली, तेव्हा काहींनी जुना संशय पुन्हा उकरून काढला. पण ती धूळ ताऱ्याच्या क्ष-किरणांनी नुसती तापलेली असावी, असे तिच्या शोधकांनीच सांगितले. चुलीजवळ बसलेला माणूस शेकतो, म्हणून काही तो चूल पेटवत नाही.

फिरणे नाही, शेजारी नाही, चकती नाही. जन्माच्या वेळची उष्णता म्हणावी, तर तीही एवढा काळ एवढ्या जोराने पुरत नाही. मग उरले काय?

उत्तर सुचले ते वेगळ्याच दिशेने. ५ मार्च १९७९ रोजी अवकाशयानांवरील उपकरणांना गॅमा किरणांचा एक भयंकर तडाखा बसला. त्यानंतर काही मिनिटे दर आठ सेकंदांनी ठोके येत राहिले. तो तारा आपल्या आकाशगंगेच्याही बाहेर, शेजारच्या छोट्या दीर्घिकेत होता. इतक्या दुरून एवढा मार! रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन या दोघांनी १९९२ मध्ये म्हटले की याची टाकी म्हणजे ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र. अशा ताऱ्याला त्यांनी मॅग्नेटार हे नाव दिले. आपण त्याला चुंबकतारा म्हणू. चुंबक म्हणजे उर्दूतील मकनातीस. शर्मिष्ठेतील दोन ताऱ्यांसारखे हळू फिरणारे क्ष-किरण स्पंदकही याच जातीचे आहेत, असे त्यांनी १९९६ मध्ये सुचवले.

येथे तुम्ही मला अडवाल. चुंबकाने खिळा ओढता येतो, पण चुंबक काही दिव्यासारखा पेटत नाही. मग चुंबकाची ऊर्जा कशी? शेतात विहिरीवर मोटारपंप असतो. तो बंद करताना स्टार्टरमध्ये ठिणगी उडते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मोटारीच्या गुंडाळीत वीज वाहत असताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठून राहते. वीज तोडली की क्षेत्र विरते. त्यातली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती ठिणगी म्हणून बाहेर पडते. म्हणजे चुंबकीय क्षेत्र स्थिर असेल तोवर ऊर्जा गप्प बसते आणि क्षेत्र विरू लागले की ती मोकळी होते. चुंबकतारा हा असा सावकाश विरणारा चुंबक आहे.

त्याचे क्षेत्र किती मोठे असेल? पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात अर्ध्या गाउसपेक्षाही कमी आहे. तेवढ्यानेही होकायंत्राची सुई वळते. दवाखान्यातील मोठ्या एम. आर. आय. यंत्रात साधारण १५ हजार गाउस असतात, आणि तेथे खिशात किल्ली नेऊ देत नाहीत. साध्या स्पंदकाचे क्षेत्र एक लाख कोटी गाउसच्या आसपास असते. शर्मिष्ठेतील आपल्या ताऱ्याचे, तो ज्या गतीने मंद होतो त्यावरून काढले तर, त्याच्या शंभर पटींहूनही जास्त निघते. अशा क्षेत्रात अणूदेखील गोल राहत नाहीत, सुईसारखे लांबट होतात. या साठ्यातून क्ष-किरणांचा खर्च हजारो वर्षे भागू शकतो. आता वही जुळते.

ही ऊर्जा बाहेर येते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. आपला वऱ्हाड कापसाचा मुलूख. सुताला पीळ देत गेले आणि तो फार झाला की सूत आपोआप वळते, त्याला गाठी पडतात. चुंबकताऱ्याच्या पोटातील क्षेत्र असेच पिळलेले असते. ते बाहेरच्या कठीण कवचावर सतत जोर देते, कवचाला तापवते. थोडा पीळ पृष्ठभागाच्या बाहेरही येतो. त्या पिळलेल्या रेषांवरून विद्युतभारित कण धावतात, काही परत पृष्ठभागावर आदळतात आणि तेथे अतितप्त डाग पडतात. या तापलेल्या पृष्ठभागातून क्ष-किरण निघतात. वाटेत धावत्या कणांना धडकून त्यांतील काहींची ऊर्जा आणखी वाढते. कधी कवच ताण सहन न होऊन सरकते किंवा तडकते. मग अचानक स्फोटासारखा झोत येतो.

कल्पना सुंदर असली, तरी पुरावा लागतोच. १९९८ मध्ये क्रिसा कुव्हेलियोटू आणि सहकाऱ्यांनी धनू राशीतील एक झोत देणारा तारा किती वेगाने मंद होत आहे ते मोजले. त्यावरून त्याचे क्षेत्र चुंबकताऱ्याएवढेच निघाले. मग २००२ मध्ये, जे क्ष-किरण स्पंदक शांत समजले जात, त्यांच्यातूनही तसेच झोत येताना कॅनडातील व्हिक्टोरिया कास्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. शर्मिष्ठेतील सात सेकंदांच्या ताऱ्याने त्या वर्षी जूनमध्ये काही तासांत ऐंशीहून जास्त झोत सोडले. दोन्ही प्रकारचे तारे एकाच कुटुंबातले ठरले.

धनू राशीतील त्याच ताऱ्याने पुढे सगळ्यांना हादरवले. आपल्याकडे २८ डिसेंबर २००४ ची पहाट होती, तीन वाजले होते. त्सुनामीला दोनच दिवस झाले होते आणि सारा देश त्या दुःखात होता. त्या वेळी या ताऱ्याच्या किरणांचा तडाखा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, पॅसिफिक महासागराच्या वर बसला. सूर्य लाखाहून अधिक वर्षांत जेवढी ऊर्जा देतो, तेवढी या ताऱ्याने सेकंदापेक्षाही कमी वेळात फेकली होती. हजारो प्रकाशवर्षे दुरून आलेल्या या किरणांनी आपल्या वातावरणाचा वरचा थर क्षणभर बदलला. रेडिओ लहरींवर त्याचा परिणाम नोंदवला गेला.

क्ष-किरण हवेतून जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी उपकरणे वर पाठवावी लागतात. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. त्याची क्ष-किरण उपकरणे बनवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. रेडिओ लहरी मात्र खाली येतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची मोठी दुर्बीण आहे. तिला जी. एम. आर. टी. म्हणतात. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ती उभी राहिली. २०१८ च्या अखेरीस धनू राशीतील दुसरा एक चुंबकतारा, ५.५ सेकंदांची फेरी असणारा, दहा वर्षे रेडिओत गप्प राहून पुन्हा बोलू लागला. डिसेंबरात सूर्य त्याच बाजूला असतो, त्यामुळे साधी दुर्बीण तिकडे वळवता येत नाही. रेडिओ दुर्बिणीला दिवसाची अडचण नाही. खोडदच्या तबकड्यांनी त्याचे ठोके टिपले.

शर्मिष्ठेतील आपल्या ताऱ्याची आणखी एक बातमी २०२२ मध्ये आली. आय. एक्स. पी. ई. नावाच्या उपग्रहाने त्याच्या क्ष-किरणांच्या कंपनाची दिशा मोजली. कमी ऊर्जेच्या किरणांची दिशा आणि जास्त ऊर्जेच्या किरणांची दिशा यांत बरोबर काटकोन निघाला. तप्त पृष्ठभागातून निघालेले किरण वेगळे आणि वाटेत कणांना धडकून आलेले वेगळे, असा याचा अर्थ लावला जातो. एवढे प्रबळ क्षेत्र या ताऱ्यांना जन्मतः कसे मिळते, यावर मात्र शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. जन्मतः फार वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यात ते तयार होते, असे डंकन आणि थॉम्पसन यांचे म्हणणे होते. इतरांना वाटते की मूळ ताऱ्याचेच क्षेत्र आकुंचनाने घट्ट होते. आजवर असे तीसच्या आसपासच तारे सापडले आहेत. तेवढ्यांवरून निकाल देणे कठीण आहे.

डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास स्टेशनच्या दिव्यांपासून दूर, शेताच्या बाजूला जा आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठेचे पाच तारे सापडतील. तो तारा दिसणार नाही, पण तो तिथेच आहे आणि तुम्ही सावकाश नऊपर्यंत मोजता तेवढ्यात त्याची एक फेरी पूर्ण होते.

स्वाध्याय

१. न्यूट्रॉन ताऱ्याला जोडीदार नाही हे कशावरून समजले? शिटीचे उदाहरण देऊन चार-पाच वाक्यांत लिहा.

२. एक तारा ०.०३३ सेकंदात एक फेरी मारतो, दुसरा ८.७ सेकंदांत. पहिल्याची गती दुसऱ्याच्या किती पट आहे? फिरण्याची ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मग ती किती पट होईल?

३. "चुलीजवळ बसलेला माणूस शेकतो, म्हणून काही तो चूल पेटवत नाही." हे वाक्य कशाबद्दल आले आहे?

४. तुमच्या घरातील किंवा शेतातील एखादे यंत्र निवडा. ते कशावर चालते, हे आत न पाहता कोणत्या खुणांवरून ओळखाल? दहा ओळी लिहा.